कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलला की गाडीचा पिकअप वाढतो का? पैसे काढायच्या आधी हे सगळं तपासा

सरळ उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे घाईत असलेले मोकळे. चांगला चालणारा कॅट (म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून तिथे तसाच नवीन कॅट बसवला तर पिकअपमध्ये काहीच फरक पडत नाही, फक्त बँक बॅलन्समध्ये पडतो. चोक झालेला, म्हणजे आतून तुंबलेला कॅट बदलला तर फरक पडतो, आणि तो एवढा जाणवतो की माणूस चार जणांना सांगत सुटतो की नवीन कॅटने गाडी रॉकेट झाली. तसं काही नसतं, गाडीची मूळ ताकदच अडकलेली असते ती परत मिळते. म्हणजे खरा प्रश्न "बदलू का" हा नाहीच, खरा प्रश्न "माझा कॅट चोक आहे हे सिद्ध झालंय का" हा आहे. आणि मुंबईत बऱ्याच गॅरेजमध्ये हे सिद्ध न करताच कॅटवर बोट ठेवलं जातं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

हा लेख मुख्यतः पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचा आहे. डिझेलवाल्यांचं दुखणं बहुतेक वेळा डीपीएफचं, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं असतं, त्यात काजळी साठते आणि ती जाळायला गाडी सलग पळावी लागते जी सायनच्या सिग्नलवर पळत नाही, पण तो विषय वेगळा.

आधी थोडं आतलं

सायलेन्सरच्या लाइनमध्ये इंजिनच्या जवळ जो फुगीर डबा असतो तो कॅट. आत सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यात आरपार हजारो बारीक सरळ नळ्या असतात, गॅरेजवाले तिला सरसकट "जाळी" म्हणतात. या नळ्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ थर असतो. धूर त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साध्या नायट्रोजनमध्ये होतं. हे काम साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे नीट सुरू होतं, म्हणून हल्लीच्या गाड्यांत कॅट थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनमधून धूर बाहेर आणणाऱ्या पहिल्या नळीला) चिकटवलेला असतो, लवकर तापावा म्हणून. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चार शहरांत नवीन पेट्रोल गाड्यांना हा १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला, आणि त्याच्याबरोबरच इथे शिसंविरहित पेट्रोल आलं, कारण शिशाने हा थर मरतो.

आता महत्त्वाचं. कॅट दोन वेगवेगळ्या प्रकारे मरतो आणि लोक इथेच गोंधळ करतात.

एक म्हणजे थर मरतो. इंजिन ऑइल पितंय, ऑइलमधला फॉस्फरस वर्षानुवर्षं त्या थरावर बसतोय, किंवा हेड गॅस्केटमधून कूलंट जळतंय, किंवा नुसतं वय झालंय. नळ्या मोकळ्याच असतात, धूर आरामात जातो, फक्त साफ होत नाही. गाडीची ताकद जशीच्या तशी, पण इंजिन लाइट लागतो.

दुसरं म्हणजे वीट वितळते किंवा फुटते. प्लग मिसिंग मारतोय, म्हणजे ठिणगी चुकतेय, न जळलेलं पेट्रोल किंवा गॅस कॅटमध्ये जाऊन तिथे जळतोय, तापमान हजार अंशाच्या वर जातं आणि नळ्या वितळून एकमेकांत चिकटतात. किंवा खालून दगड, स्पीडब्रेकर लागून वीट तडकते आणि तुकडे फिरून आडवे बसतात. इथे धुराला वाटच राहत नाही, आणि पिकअप जातो तो इथे.

बदलून पिकअप परत येतो तो फक्त या दुसऱ्या प्रकारात.

चोक कॅटची गाडी सकाळी व्यवस्थित स्टार्ट होते, सोसायटीतून मस्त बाहेर पडते, सिग्नलला आयडलिंगही ठीक, आणि मग फ्रीवेवर चढली की मरते, हे बऱ्याच जणांना कोडं वाटतं. दादर स्टेशनचा पूल डोळ्यांपुढे आणा, दुपारी दोनला अर्धा जिना बंद ठेवला तरी कुणाला काही कळत नाही, संध्याकाळी सातला तोच अर्धा जिना बंद ठेवा, मागे प्लॅटफॉर्मपर्यंत माणसं तुंबतात. आयडलला धूरच कमी असतो. चार हजार आरपीएमला धूर कितीतरी पट, तो बाहेर पडला नाही तर सिलिंडरमध्येच थोडा राहतो, ताजी हवा आत यायला जागा उरत नाही, आणि इंजिनची ताकद शेवटी हवेवरच असते.

पायरी एक: तक्रार नेमकी काय आहे ते ठरवा

"गाडी उचलत नाही" हे वाक्य घेऊन गॅरेजला जाऊ नका, कारण या वाक्यावर प्लगपासून इंजिन ओव्हरहॉलपर्यंत काहीही विकता येतं.

एक ठरावीक पट्टा घ्या, रविवारी पहाटेचा ईस्टर्न फ्रीवे चांगला, एसी बंद, शेजारी एक माणूस फोनवर वेळ धरायला. तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून पूर्ण पाय दाबून ७५ ला जायला किती सेकंद लागतात ते दोन-तीनदा लिहून ठेवा. तिथली मर्यादा ८० ची आहे, तिच्या आतच खेळ संपतो. हा आकडा पुढे कामाला येणार आहे, बदलल्यानंतर खरंच फरक पडला की मनाला वाटलं ते यानेच कळतं.

हे करताना एक गोष्ट बघा. पाय दाबल्यावर आरपीएम वर जातो पण स्पीड त्या मानाने वाढत नाही, असं असेल तर तुमचा क्लच स्लिप होतोय, कॅटचा काही संबंध नाही. हाफ क्लचवर घोडबंदर रोड काढणाऱ्यांनी हे आधी तपासावंच. उलट पाय पूर्ण दाबलाय, आरपीएमच वर जात नाही, तीन-साडेतीन हजारांवर गाडी जणू कुणी मागून धरलीय, तर संशय एक्झॉस्टवर घ्यायला हरकत नाही. खंडाळ्याच्या घाटात हे सगळ्यात स्पष्ट कळतं, शहरात वर्षभर लपलेला चोक घाटात दुसऱ्या वळणाला उघडा पडतो.

मायलेज पडलं एवढीच तक्रार असेल तर जरा थांबा. हल्ली पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे थोडं मायलेज तिथेच जातं. त्याचा राग कॅटवर काढू नका.

पायरी दोन: स्वस्त गोष्टी आधी

एअर फिल्टर काढून बघा. टायरची हवा बघा. गाडी चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, एखादं चाक जास्त तापलेलं असेल तर ब्रेक चिकटतोय. थ्रॉटल बॉडी (इंजिनमध्ये जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) कधी साफ केली होती आठवा.

आणि प्लग. सीएनजीवाल्यांनो, प्लगवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण मुंबईत कॅट मारणारा नंबर एकचा गुन्हेगार माझ्या मते हाच आहे. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. प्लगचा गॅप झिजून वाढला, कॉइल म्हातारी झाली, की पेट्रोलवर गाडी छान आणि गॅसवर चढावर हलकेच झटके. ड्रायव्हर म्हणतो चालतंय तर चालू दे. प्रत्येक झटक्याला न जळलेला गॅस कॅटमध्ये जातोय आणि तिथे पेटतोय. ठाण्याच्या एका गॅरेजमध्ये अशाच एका भाड्याच्या गाडीचा कॅट मी उघडा पाहिलाय. वरची बाजू अगदी कोरी, नळ्या मोजता येतील अशा, आणि एका कडेला तळहाताएवढा भाग वितळून काचेसारखा गुळगुळीत, चकाकणारा गोळा झालेला, त्यावर टॉर्च मारली तर पलीकडे उजेडच जात नव्हता. मेकॅनिक प्लग दाखवत मालकाला म्हणाला, "काका, तीन-चार वर्षं हेच प्लग ना?" काका काही बोलले नाहीत.

सीएनजीवर झटके आणि पेट्रोलवर ठीक, असं असेल तर आजच प्लग बदला, गॅप किती ठेवायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

पायरी तीन: स्कॅनर लावा

ब्लूटूथचं ओबीडी अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे कोड आणि आकडे वाचणारं छोटं यंत्र, ऑनलाइन स्वस्तात मिळतं, फोनवर एखादं अॅप टाकायचं, स्टीअरिंगच्या खाली पोर्ट असतो तिथे लावायचं. गॅरेजमध्ये स्कॅन करून घेणार असाल तर "फक्त कोड सांगू नका, लाइव्ह डेटा दाखवा" असं सांगा.

पी०४२० हा कोड आला की निम्मे गॅरेजवाले म्हणतात कॅट गेला, बदला, पिकअप येईल. थांबा! पी०४२० चा अर्थ एवढाच की कॅटची साफ करायची क्षमता ठरलेल्या पातळीच्या खाली दिसतेय. चोक आहे असं तो कोड कुठेही म्हणत नाही. पी०४२० असलेली गाडी पूर्ण ताकदीने पळू शकते, आणि पार चोक झालेल्या गाडीत एकही कोड नसू शकतो. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ पैसे वाचतील.

त्यात पुन्हा पी०४२० खोटाही असतो. कॅटच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर आणि नंतर एक, नंतरचा सेन्सर शांत असला पाहिजे, इंजिन गरम असताना साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळपास सरळ रेषा. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर ०.१ आणि ०.९ च्या मध्ये सारखा नाचतो, ते बरोबरच आहे, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो त्याचे आकडे वेगळे दिसतात. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर थर मेला असण्याची शक्यता मोठी. पण मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा जॉइंटमधून लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. थंड इंजिन स्टार्ट करून जॉइंटपाशी कान द्या, टक टक टक असा फुसका आवाज येतोय का, सांध्याभोवती काळी काजळी दिसतेय का. लीक असेल तर आधी तो बंद करा, कोड पुसा, पुन्हा बघा.

शिवाय मिसिंगचे कोड बघा, पी०३०० आणि त्याच्या पुढचे, पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा असे. आणि फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते, त्याचा लाँग टर्म आकडा अधिक किंवा उणे दहा टक्क्यांच्या आत असावा. खूप उणे असेल तर कुठून तरी जास्त पेट्रोल जातंय आणि तेच कॅट जाळतंय.

पायरी चार: चोक सिद्ध करा

हीच पायरी सगळे टाळतात, आणि सगळा निकाल हिच्यावरच आहे.

सगळ्यात खात्रीची टेस्ट बॅक प्रेशरची. कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढायचा, त्या भोकात प्रेशर गेज लावायचं. गाडी आयडलला असताना दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत आलं पाहिजे, हा गॅरेजमधला चालणारा ठोकताळा. आयडलला दोन आणि रेस दिल्यावर पाच-सहा दाखवत असेल तर पुढे वाद घालायचं कारण नाही. गेज महाग नसतं पण ठेवणारे गॅरेज कमी, फोनवर आधी विचारून जा, "बॅक प्रेशर गेज आहे का" असं विचारल्यावर समोरचा गप्प झाला तर दुसरीकडे फोन करा.

घरच्या घरी करायचं असेल तर मॅप सेन्सर असलेल्या गाडीत स्कॅनरवरच जमतं. इंजिन गरम, एसी बंद, न्यूट्रल. आयडलला इनटेक मॅनिफोल्डमधलं (इंजिनमध्ये हवा नेणाऱ्या नळीतलं) प्रेशर, जे मॅप सेन्सर मोजतो, साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतं. आता रेस देऊन २५०० ला धरून ठेवा. चांगल्या गाडीत आकडा खाली येतो आणि तिथेच राहतो. चोक गाडीत आधी खाली येतो आणि मग धरून ठेवलेलं असतानाच हळूहळू वर सरकत जातो. जुन्या मेकॅनिकांकडे व्हॅक्युम गेज असतं, त्यावर हेच उलटं दिसतं, आयडलला १७ ते २१ इंच आणि रेस धरल्यावर काटा सरकत खाली. हे आकडे समुद्रसपाटीचे असतात, आपण समुद्रावरच राहतो, त्यामुळे वजाबाकी करायची गरज नाही.

ठोकून बघायची पद्धतही आहे. गाडी थंड, रॅम्पवर, रबरी हातोड्याने कॅटच्या डब्यावर हलके टोले. आतून खडखड आवाज आला तर वीट सुटलीय. आवाज आला नाही म्हणून कॅट चांगला असं मात्र नाही, वितळलेला कॅट अजिबात वाजत नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढचं-मागचं तापमान मोजून निदान करणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका, नव्या गाड्यांत इंजिन इतकं नीट जळतं की चांगल्या कॅटमध्येही फरक फारसा दिसत नाही.

एक गंमत अजून. कॅट फुटून त्याचे तुकडे मागच्या सायलेन्सरमध्ये जाऊन बसलेले असतात. नवीन कॅट बसवला आणि गाडी तशीच, मग मालक आणि मेकॅनिक दोघं डोकं धरून बसतात. म्हणून कॅटच्या आधी प्रेशर जास्त आलं तर मागच्या सेन्सरच्या भोकातही मोजा. तिथेही जास्त असेल तर अडथळा मागे सायलेन्सरमध्येही आहे.

या सगळ्या टेस्ट उघड्यावर करा. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये सेन्सर काढून इंजिन चालू ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड कोंडून घेणं, त्याला वास नसतो, कळतच नाही.

पायरी पाच: का मेला ते शोधा, नाहीतर नवीनही मरेल

कॅट सहसा आपोआप मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. वितळलेला असेल तर मिसिंग, इंजेक्टर गळणं, सीएनजीचं ट्युनिंग. थर मेला असेल तर ऑइल किती पितेय ते बघा, डिपस्टिकवर हजार किलोमीटरला किती उतरतं ते लिहा, सकाळी स्टार्ट करताना निळसर धूर येतो का. कूलंट सारखं टाकावं लागतंय आणि कुठेच गळत नाही, तर ते जळतंय.

पावसाळ्याचं सांगायलाच हवं. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की शेकडो अंश तापलेल्या डब्यावर थंड पाणी पडतं, वीट तडकू शकते. त्याहून वाईट म्हणजे कॉइलमध्ये पाणी जाऊन गाडी मिसिंग मारते आणि लोक तशीच रेटत घरी आणतात. बॅटरी उतरली म्हणून गल्लीतल्या पोरांना बोलावून धक्का स्टार्ट, हेही कॅटला घातक, चार-पाच प्रयत्नांत न जळलेलं पेट्रोल सगळं कॅटमध्ये साठतं आणि इंजिन पकडलं की तिथेच पेटतं. जंपर केबल ठेवा डिकीत.

क्लीनर, धुणं आणि "जाळी काढून टाकू"

टाकीत ओतायचं कॅट क्लीनर. थोडी काजळी असेल तर कदाचित बरं वाटेल, तेवढं काम गाडी सलग तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवूनही होतं. वितळलेली वीट किंवा फॉस्फरस बसलेला थर कुठल्याही बाटलीने परत येत नाही. थिनर टाकीत ओतायचे व्हिडिओ बघून तसं करू नका, रबरी सील आणि पंप त्यात जातील.

आता जाळी. हे ऐकाल तेव्हा ओळखाल: "साहेब, नवीन कशाला, आतली जाळी फोडून काढतो, डबा तसाच ठेवतो, बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही, पिकअप डबल." चोक कॅट रिकामा केला की गाडी पळते हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण चांगला कॅट रिकामा केला तर साध्या १.२ लिटर गाडीत मिळतो तो मुख्यतः आवाज, आणि आवाज वाढला की माणसाला वेग वाढल्यासारखा वाटतो. वेळ मोजा, कळेल. वर इंजिन लाइट लागणार, केबिनमध्ये कच्च्या धुराचा वास येणार, मग लाइट बंद करायला सेन्सरला नळीचा जुगाड, मग पीयूसीला अडणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) मध्ये प्रदूषणाचे नियम मोडल्यावर १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने अपात्र एवढं सगळं आहे. आणि फोडून काढलेल्या जाळीतल्या प्लॅटिनम-पॅलेडियमचे पैसे भंगारवाल्याकडून कोण घेतं हे विचारून बघा, मेकॅनिकचा चेहरा बघण्यासारखा होतो.

हाय फ्लो कॅटचं काय?

टर्बोवाल्यांनो, तुमच्यासाठी. स्टॉक कॅटमध्ये प्रत्येक चौरस इंचात साधारण ४०० ते ६०० नळ्या असतात, हाय फ्लो म्हणजेच स्पोर्ट्स कॅटमध्ये २०० च्या आसपास, त्यामुळे अडथळा कमी. टर्बो पेट्रोलमध्ये, म्हणजे पोलो टीएसआयसारख्या गाडीत, मोठा डाउनपाइप (टर्बोतून निघणारा धुराचा पाइप), हाय फ्लो कॅट आणि त्यासोबत ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं रीमॅपिंग असा पूर्ण सेट केला तर फरक पडतो, टर्बो लवकर फिरतो. नुसता कॅट बदलून, रीमॅपिंग न करता, हाती फार काही लागत नाही. साध्या वॅगन आर, आय१० मध्ये तर हा विषयच काढू नका, तेवढ्या पैशात चांगले टायर येतील आणि गाडी खरोखर चांगली वाटेल. कायद्याने पाहिलं तर एक्झॉस्ट बदलणं हे गाडीत फेरफार करणंच आहे, वॉरंटीतल्या गाडीला तर नकोच.

पायरी सहा: विकत घेताना

गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, बाहेर कुणालाही हात लावू देऊ नका.

वॉरंटी संपलीय तर चेसिस नंबर देऊन ओरिजिनल पार्टचा दर लेखी मागा. बिल पाच आकडी येणार हे धरून चला, मॅनिफोल्डसकट येणारा असेल तर जास्तच. आफ्टरमार्केट कॅट बराच स्वस्त मिळतो कारण त्यात महागडा धातू कमी असतो, पिकअप तोही परत देईल पण थर लवकर मरतो आणि पी०४२० परत येऊ शकतो. घेणारच असाल तर तुमच्या गाडीचं मॉडेल, इंजिन आणि बीएस४ की बीएस६ हे जुळतंय का बघा, युनिव्हर्सल डबा कापून वेल्डिंग करणं शेवटचा पर्याय. कुर्ला सीएसटी रोडला किंवा चोर बाजारात जुना कॅट मिळतो, पण तो कुठल्या गाडीतून आणि कसा निघाला याची खात्री कोण देणार? घेतलाच तर दोन्ही बाजूंनी टॉर्च मारून आरपार उजेड दिसतो का बघा, हलवून वाजतो का ऐका. मला विचाराल तर जुना घेऊच नका.

बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. आणि जुना कॅट परत मागा, किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून मागा. तो कचरा नाही.

पायरी सात: बसवताना

गॅरेजमध्ये बसवला तरी शेजारी उभे राहा, घाबरायचं काही नाही. गाडी रात्रभर थंड झालेली असावी. नट-बोल्ट मुंबईच्या खाऱ्या हवेत गंजलेले असतातच, आदल्या दिवशी पेनेट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी स्टड तुटत नाहीत, तुटला की अर्धा दिवस ड्रिलिंगमध्ये गेला. खाली काम करताना नुसता जॅक चालत नाही, घोडी (गाडी पेलून धरणारा स्टँड) लावलीच पाहिजे, याला अपवाद नाही.

ऑक्सिजन सेन्सरला २२ मिलिमीटरचा पाना लागतो, वायरसाठी खाच असलेलं सॉकेट मिळतं ते वापरायला सांगा, वायर पिळली गेली की सेन्सर गेला. सेन्सरच्या आट्यांना अँटी सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) हलकंसं, टोकाला अजिबात लागू द्यायचं नाही. गॅस्केट प्रत्येक सांध्याला नवीन, जुनं दाबलेलं परत बसत नाही. सिलिकॉन सीलंट लावून सांधा बंद करणाऱ्याला तिथेच थांबवा, सिलिकॉनने सेन्सर आणि कॅट दोन्ही खराब होतात. सगळे बोल्ट आधी हाताने, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कवर. हीट शील्ड परत लावलीय ना ते बघा, ती डब्यात पडून राहते आणि नंतर गाडीखालचा वायरिंगचा पाइप वितळतो.

पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर रेस देऊ नका, आयडलला गरम होऊ द्या. थोडा धूर, थोडा विचित्र वास येईल, नवीन डब्याच्या आतली मॅट तापून बसते. सांध्यांजवळ फुसफुस ऐका.

बसवल्यावर

कोड पुसले की ईसीयूचं शिकलेलं थोडं विसरलं जातं, पहिले एक-दोन दिवस गाडी वेगळी वाटते, त्यावर मत बनवू नका. कॅटची स्वतःची चाचणी पूर्ण व्हायला इंजिन गरम असताना काही मिनिटं एकसारख्या वेगात चालवावं लागतं, जे वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर संध्याकाळी अशक्य. पहाटे अटल सेतूला एक चक्कर मारा, जवळपास २२ किलोमीटर सिग्नल नाही, टोल मात्र भरा.

मग तोच तिसरा गिअर, तेच ४० ते ७५, तोच पट्टा, एसी बंद. चोक खरंच होता तर सेकंद उघड उघड कमी झालेले दिसतील. आकडा तोच आला तर कॅट चोक नव्हता, दुखणं दुसरीकडे आहे, आणि गॅरेजवाल्याशी बोलायला तुमच्याकडे कागद आहे.

पीयूसीही याच सुमारास करून घ्या, पण गाडी वीसेक मिनिटं चालवून गरम करून जा, थंड कॅटवर रीडिंग उगाच जास्त येतं. प्रोब सायलेन्सरमध्ये नीट आत घालायला सांगा आणि सर्टिफिकेटवरचा शिक्का नाही, आकडा बघा. बीएस४ आणि बीएस६ पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, नवीन कॅट असेल तर दोन्ही त्याच्या बरेच खाली असायला हवेत. काठावर आले असतील तर फ्युएल ट्रिम पुन्हा उघडून बघा, आणि पुढचे दोन महिने डिपस्टिक दर रविवारी पुसत जा.